वर दगडासारखा बर्फ, खाली नासलेलं दूध: फ्रिजचं काय बिघडलंय ते घरीच कसं ओळखायचं

फोनवरचं वाक्य ठरलेलं असतं. “फ्रिज चालू आहे, वर बर्फ पण होतोय, पण दूध टिकत नाही हो.” मग जरा थांबून, “गॅस गेला असेल ना?”

चिपळुणात फ्रिज दुरुस्तीचं काम करायला लागून मला वीसेक वर्षं झाली. या एका तक्रारीपायी जेवढे जिने चढलो तेवढे दुसऱ्या कशासाठी चढलो नसेन. आणि खरं सांगतो, वर बर्फ कडक होत असेल तर बहुतेक वेळा गॅस जागच्या जागी असतो. थंडी तयार होते, ती खाली पोचत नाही, एवढंच. यातली बरीचशी कामं घरच्या माणसाने पैसा खर्च न करता केली असती आणि माझी व्हिजिट फी वाचवली असती. धंद्याच्या विरोधात बोलतोय, पण दर पावसाळ्यात तेच तेच सांगून कंटाळलो, म्हणून एकदाचं लिहून ठेवतो. हे मुख्यतः डबल डोअर फ्रॉस्ट फ्री, म्हणजे साठलेला बर्फ आपोआप वितळवणाऱ्या, फ्रिजबद्दल आहे. सिंगल डोअरचं जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलंय.

लक्षणं

दूध नासणं ही उशिरा कळणारी खूण आहे. त्याच्या आधी फ्रिज बरंच काही सांगत असतो.

इडलीचं किंवा आंबोळीचं पीठ आत ठेवूनही फुगतं आणि डब्याचं झाकण उचलतं. ही माझी सगळ्यात भरवशाची खूण. पीठ आंबवणारे जीव पुरेशा थंडीत सुस्तावतात. ते जोरात कामाला लागलेत, म्हणजे आत थंडी नाही. तसंच मोड आलेल्या मटकीचं. आज ठेवलेल्या मोडांना उद्या शेपटं फुटली असतील तर समजायचं. खोवलेला नारळ दुसऱ्याच दिवशी बुळबुळीत लागतो. सोलकढी सकाळपर्यंत टिकत नाही. आमच्या कोकणातल्या दमट हवेत नीट गार झालेली बाटली बाहेर काढली की दोन मिनिटांत तिला घाम फुटतो. बाटली कोरडीच राहिली तर ती हाताला गार लागली तरी पुरेशी गार नाही.

मशीनच्या बाजूच्या खुणा अशा: कॉम्प्रेसर थांबतच नाही, फ्रीझरच्या मागच्या बाजूने पंख्याचं पातं काहीतरी घासल्यासारखी खरखर येते, फ्रीझरच्या आतल्या मागच्या पॅनलवर बर्फाचा थर दिसतो, भाजीच्या ट्रेखाली पाणी साचतं. आणि सगळ्यात महत्त्वाची खूण म्हणजे लाइट दिवसभर गेली की नंतर आठ-दहा दिवस फ्रिज झकास चालतो आणि मग पुन्हा ढेपाळतो. ही शेवटची खूण लक्षात ठेवा, तिच्याकडे परत येणार आहे.

वरचा बर्फच होत नसेल, आइस्क्रीम चमच्याने सहज निघण्याइतकं मऊ राहत असेल, तर दुखणं वेगळं आहे. तसं असेल तर मागची जाळी, व्होल्टेज आणि शेवटचा भाग एवढंच वाचा.

पहिलं काम मोजायचं

हाताला गार लागतंय, यावर विसंबू नका. बाहेर ३६ अंश असताना १२ अंशांचं पाणीही अमृतासारखं लागतं, पण त्याच १२ अंशांत दूध नासतं. काहीशे रुपयांत फ्रिजचा थर्मामीटर मिळतो, तेवढा घ्या. तापाचा थर्मामीटर चालत नाही, तो ३५ अंशांच्या खाली काही सांगतच नाही. एका काकांनी मला फोनवर “पस्तीस दाखवतोय रे, आग लागलीय का आत?” असं विचारलं होतं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

आधी थर्मामीटर खरं बोलतोय का बघा. पेलाभर बर्फ फोडून त्यात थोडं पाणी घाला, ढवळा, थर्मामीटरचं टोक त्यात पाच मिनिटं धरा. आकडा शून्य यायला हवा, एखादा अंश इकडेतिकडे चालेल. मग पेलाभर पाण्यात तो बुडवून मधल्या फळीवर ठेवा आणि रात्रभर दार उघडू नका. पाण्यात का? तर दार उघडलं की हवेचं तापमान लगेच वर जातं, पाण्याचं जात नाही. आपल्याला दुधाचं तापमान हवंय, आणि दूध पाण्यासारखंच वागतं.

सकाळचा आकडा ५ अंशांच्या खाली हवा. ३ ते ४ असेल तर उत्तम. शून्याला टेकलं तर कोथिंबीर काळी पडायला लागते. वरच्या फ्रीझरमध्ये उणे १८. जागतिक आरोग्य संघटना ५ ते ६० अंश हा टापू धोक्याचा मानते, कारण त्यात जंतू भराभर वाढतात. ५ च्या खाली ते मरत नाहीत, फक्त त्यांची गती मंदावते. लिस्टेरियासारखा जंतू तर थंडीतही हळूहळू वाढतो, म्हणून घरात गरोदर बाई असेल तर उरलेलं अन्न फार दिवस ठेवून खाऊ घालू नये.

आकडा ९-१० निघाला? आधी अन्नाचं बघा, मशीन नंतर

इथे लोक उलटं करतात. मेकॅनिक येईपर्यंत दोन दिवस सगळं आतच ठेवतात आणि मग वास घेऊन ठरवतात. वासावर ठरवू नका. पोट बिघडवणारे जंतू अन्नाला वास आणतीलच असं नाही. आणि “उकळून घेतलं की झालं” हेही अर्धंच खरं. उकळल्याने जंतू मरतात, पण काही जंतूंनी आधीच सोडलेलं विष तसंच राहतं.

भाताचं उदाहरण घ्या. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात आणि ते शिजतानाही तग धरतात. रात्रीचा भात ओट्यावर राहिला की ते जागे होतात. त्यांचं उलट्या आणणारं विष सकाळच्या फोडणीने जात नाही. फोडणीचा भात खाऊ नका असं मी म्हणत नाही, माझाही नाश्ता तोच आहे. भात निवला की तासाभरात पसरट भांड्यात घालून फ्रिजमध्ये गेला पाहिजे आणि दुसऱ्या दिवशी संपला पाहिजे, इतकंच.

दुसरा बांगडा. बांगडा, तारली, सुरमई, कुपा हे मासे थंडीत राहिले नाहीत तर त्यांच्या अंगात हिस्टामाइन तयार होतं. तळा, कढवा, काही करा, ते जात नाही. खाल्ल्यावर तोंड लाल होतं, अंगावर गांधी उठतात, डोकं दुखतं. लोक म्हणतात माशाची ॲलर्जी झाली. पुष्कळदा दोष माशाचा नसतो, तो बाजारातून घरी आणि घरून फ्रिजमध्ये किती वेळाने गेला याचा असतो. कोमट फ्रिजमध्ये मासे ठेवू नका. त्याच दिवशी खा, नाहीतर बर्फात ठेवा.

तर आकडा ५ च्या वर असेल तर दूध, दही, शिजवलेलं, चिरलेली फळं, अंडी, मासे-मटण, ओलं खोबरं एवढं सगळं थर्मोकोलच्या खोक्यात बर्फासोबत घाला किंवा शेजारच्यांच्या फ्रिजमध्ये ठेवा. दोन तासांहून जास्त वेळ ५ च्या वर राहिलेलं शिजवलेलं अन्न, दूध, मासे टाकून द्या. जीव तुटतो, माहीत आहे. लोणचं, तूप, जॅम, गूळ, आटवलेला आंबा यांना काही होत नाही, ते बाहेर राहू द्या. तेवढीच आत हवा फिरायला जागा.

आता तपासण्या. ज्याला पैसे लागत नाहीत ते आधी.

बटण आणि पट्टी

हसू नका, पण यावरच काम संपल्याचे प्रसंग आहेत. खालच्या भागातलं गोल बटण १ ते ७ असं असतं. ते आकडे अंश नाहीत. ७ म्हणजे सात अंश असं समजून “कमी थंडीसाठी” ७ वर ठेवणारे आणि “जास्त थंडीसाठी” १ वर आणणारे दोन्ही भेटतात. आकडा मोठा तितकी थंडी जास्त. पुसताना कापडाने बटण फिरतं आणि कोणाच्या लक्षात येत नाही.

दुसरं म्हणजे, बऱ्याच डबल डोअरमध्ये फ्रीझरमध्येही एक बटण किंवा सरकपट्टी असते. तयार झालेली थंड हवा वर किती ठेवायची आणि खाली किती सोडायची, ते ती ठरवते. मुलांनी बर्फाचे गोळे लवकर व्हावेत म्हणून ती टोकाला नेली की वरती दगड आणि खाली भट्टी. पट्टी मधोमध आणा. कुठलंही बटण हलवलं की २४ तास थांबा आणि पुन्हा पेल्यातलं पाणी मोजा. दर तासाला बटण फिरवणाऱ्याला काहीच कळत नाही.

कोंबाकोंबी

गणपतीचे पाच दिवस झाले की माझे फोन वाढतात. मुंबईचे चाकरमानी येतात, पाच माणसांच्या फ्रिजमध्ये वीस माणसांचं सामान जातं. मोदकांचं सारण, नारळाचा चव, दुधाच्या दहा पिशव्या, शिवाय देवाची फुलं आणि दूर्वा. फ्रॉस्ट फ्री फ्रिजमध्ये खालच्या भागात थंडी तयार होत नाही. ती वर फ्रीझरच्या मागे असलेल्या कॉइलवर, म्हणजे थंड होणाऱ्या नळ्यांच्या जाळीवर, तयार होते, पंखा ती हवा खाली ढकलतो. खालच्या भागाच्या मागच्या भिंतीत, वरच्या बाजूला झरोके असतात, हवा तिथून येते. त्या झरोक्याला पातेलं टेकवलं की संपलं. त्या पातेल्यातलं गोठतं आणि दारातलं दूध नासतं.

झरोक्यांसमोर चार बोटं जागा मोकळी ठेवा. फळ्यांवर वर्तमानपत्र किंवा प्लॅस्टिकचे मॅट अंथरले असतील तर काढा, हवा वरून खाली उतरली पाहिजे. फ्रीझरमध्येही मागच्या पॅनलला पिशव्या चिकटवून ठेवू नका.

सिंगल डोअरमध्ये पंखा नसतो. थंड हवा आपल्या वजनाने खाली उतरते. फ्रीझरच्या खालचा चिलर ट्रे चुकून काढून ठेवला किंवा त्यावर सामान ओसंडलं तर वाट अडते.

गरम भांडं थेट आत ठेवायचं की नाही, यावर घराघरांत वाद आहेत. आमटीचं मोठं पातेलं उकळतं असताना आत ठेवलं तर शेजारचं सगळं तापतं, हे बरोबर. पण ते रात्रभर ओट्यावर “निवायला” ठेवणं जास्त वाईट. पसरट दोन-तीन भांड्यांत ओता, थंड पाण्याच्या परातीत ठेवा, वाफ गेली की आत. बाहेर दोन तासांच्या वर नको, आणि एप्रिल-मेच्या उकाड्यात एका तासाच्या वर नको.

जाता जाता जागांचं सांगतो. दार ही फ्रिजमधली सगळ्यात उबदार जागा, आणि दुधाचा कप्पा नेमका तिथेच दिलेला असतो. फ्रिज नवा असो की जुना, दूध आतल्या फळीवर मागे ठेवा. दारात पाणी, लोणचं, सॉस. कच्चे मासे-मटण झाकलेल्या डब्यात सगळ्यात खाली, म्हणजे त्याचं पाणी कोशिंबिरीत ठिबकणार नाही. कांदे-बटाटे आणि केळी काढाच बाहेर.

दिवा विझतो का

दार लावलं की आतला दिवा विझायला हवा. जुना पिवळा बल्ब पेटताच राहिला तर तो आतमध्ये छोटा हीटरच झाला. कसं बघायचं? मोबाइलवर व्हिडिओ सुरू करा, आत ठेवा, दार लावा, अर्ध्या मिनिटाने काढा आणि बघा. दिवा पेटता दिसला तर दाराचा स्विच अडकलाय. एलईडी दिवा तापत नाही, पण बऱ्याच मॉडेलमध्ये तोच स्विच पंख्यालाही सांगतो की दार लागलंय. स्विच बिघडला तर पंखा फिरतच नाही. सुटा भाग स्वस्त आहे, काम पाच मिनिटांचं.

दाराचं रबर

नोटेची परीक्षा सगळ्यांना ठाऊक असते, पण लोक ती एकाच जागी करतात. दारात नोट अर्धी अडकवा, दार लावा, हळू ओढा. जरा अडून यायला हवी. असं दाराच्या चारी बाजूंनी, हातभर अंतरावर दहा-बारा ठिकाणी करा. बिजागरीकडचा खालचा कोपरा पहिल्यांदा दगा देतो.

कोकणात या रबराचं महत्त्व घाटावरच्यापेक्षा जास्त. जुलैत आमच्या हवेत पाणीच पाणी असतं. फटीतून ती हवा आत जाते, तिच्यातलं पाणी कॉइलवर बर्फ होऊन बसतं, आणि मशीनला झेपेल त्यापेक्षा जास्त बर्फ साठतो. म्हणजे फट दाराला आणि दुखणं कॉइलला.

आधी कोमट साबणाच्या पाण्याने घड्या उघडून पुसा. निम्म्या वेळा तिथे साखरेचा पाक आणि काळी बुरशी असते, रबर ठणठणीत असतं. वाकलं असेल तर गरम पाण्यात पिळलेलं फडकं त्यावर पाच-पाच मिनिटं दाबून धरा आणि हाताने आकार द्या. फाटलं असेल तर बदला, मॉडेल नंबर बघूनच घ्या. शिवाय फ्रिजचे पुढचे पाय किंचित उंच करा, म्हणजे दार अर्धवट सोडलं तरी आपलं आपण मिटेल.

मागची जाळी, भिंत, शेगडी

फ्रिज थंडी बनवत नाही, आतली उष्णता काढून बाहेर टाकतो. बाहेर टाकायला जागाच नसेल तर तो काय करणार? जुन्या फ्रिजला मागे काळी जाळी असते. प्लग काढा, ओढून पुढे घ्या, मऊ ब्रशने धूळ झाडा. नव्या फ्रिजमध्ये ही नळी बाजूच्या पत्र्याच्या आत असते, म्हणून बाजू गरम लागतात. ते दुखणं नाही. पण त्या बाजूला पिठाचा डबा, कापडी कव्हर आणि भिंत असं सगळं चिकटलं असेल तर ते दुखणं होतं. मागे आणि बाजूला वीतभर नाही तरी चार बोटं मोकळी हवीतच. शेगडीशेजारी किंवा दुपारचं ऊन येतं त्या खिडकीत फ्रिज ठेवू नका.

व्होल्टेज

आपल्याकडे घरात २३० व्होल्ट यायला हवेत. वाडीवस्तीवर संध्याकाळी ते कितीतरी खाली जातात. कॉम्प्रेसर उठायला बघतो, उठत नाही, “टक्” आवाज होतो, काही मिनिटांनी पुन्हा “टक्”. असा आवाज ऐकलात तर प्लग काढा. तसाच चालू ठेवला तर कॉम्प्रेसरची वायंडिंग जळते, आणि ते बिल मोठं असतं. इलेक्ट्रिशियनकडून व्होल्टेज मोजून घ्या आणि कमी असेल तर स्टॅबिलायझर लावा. व्होल्टेज बरोबर असूनही टक् टक् चालूच असेल तर रिले (कॉम्प्रेसर सुरू करणारा भाग) किंवा कॉम्प्रेसर बिघडलाय, ते आमचं काम. एक्स्टेन्शन बोर्डावर फ्रिज नको, आणि बंद केल्यावर पाच मिनिटं तरी पुन्हा चालू करू नका.

पंखा ऐका

कॉम्प्रेसर चालू असताना फ्रीझरचं दार उघडा आणि दाराचा स्विच बोटाने दाबून धरा. मागून पंख्याची घरघर आली पाहिजे, झरोक्यावर हात धरला तर वारा लागला पाहिजे. काही नव्या मॉडेलमध्ये स्विच दिसत नाही, तिथे दार लावून कान लावा. आवाजच नाही म्हणजे पंख्याची मोटर गेली किंवा पातं बर्फात अडकलं. दोन्हींत फरक कसा ओळखायचा, ते पुढच्या परीक्षेत.

चोवीस तासांची परीक्षा

ही परीक्षा मला एका काकूंनी शिकवली, मी त्यांना नाही. धंद्यातलं माझं दुसरं की तिसरं वर्ष. मार्कंडीतल्या त्यांच्या घरी मी गॅस भरून आलो, फ्रिज गार झाला, पैसे घेतले. दहा दिवसांनी फोन, पुन्हा तेच. पुन्हा गॅस काढला, भरला. पुन्हा दहा दिवस. तिसऱ्या वेळी काकू म्हणाल्या, “अरे बाबा, तू दर वेळी फ्रिज दिवसभर बंद ठेवतोस. मागच्या आठवड्यात लाइट गेली होती तेव्हाही तो नंतर चांगला चालला होता. तुझ्या गॅसने बरा होतो की बंद ठेवल्याने?” मी पॅनल उघडलं. कॉइल बर्फाच्या लादीत गाडली गेली होती. हीटर जळालेला. दोन वेळा गॅसचे घेतलेले पैसे परत केले, आणि तेव्हापासून आधी पॅनल बघतो.

झालं काय होतं, ते समजून घ्या. फ्रॉस्ट फ्री म्हणजे बर्फ होतच नाही असं नाही. कॉइलवर बर्फ होतो, पण दर काही तासांनी कॉम्प्रेसर थांबतो, एक हीटर पेटतो, बर्फ वितळतो, पाणी नळीने मागच्या ट्रेमध्ये जातं आणि तिथे उडून जातं. हीटर, तापमान बघणारं बायमेटल किंवा सेन्सर, आणि वेळ ठरवणारा टायमर किंवा कार्ड, यांतलं एक जरी गेलं तरी बर्फ साठत जातो. कॉइलच्या फटी बुजल्या की हवा पुढे सरकत नाही. वरचा भाग कॉइलला लागून असल्याने गोठलेलाच राहतो, खाली मात्र वारा येत नाही. आमच्याकडच्या “वर बर्फ, खाली कोमट”चं हे सगळ्यात नेहमीचं कारण.

घरी करायचं ते असं. फ्रिज रिकामा करा, प्लग काढा, दोन्ही दारं उघडी ठेवा, खाली जुनी टॉवेलं अंथरा आणि पूर्ण २४ तास जाऊ द्या. घाई असेल तर फ्रीझरमध्ये गरम पाण्याचं पातेलं ठेवा. मागच्या पॅनलआडचा बर्फ तीन-चार तासांत जात नाही, म्हणून “सकाळी बंद केला होता, दुपारी लावला” हे चालत नाही. मग आत कोरडं पुसा, चालू करा, एक दिवस रिकामा चालवा, पेल्यातलं पाणी मोजा.

खाली ५ च्या आत आला आणि महिनाभर टिकला, तर कोणीतरी दार उघडं टाकलं होतं किंवा रबराची फट होती. आठ-पंधरा दिवसांत पुन्हा ढेपाळला, तर डिफ्रॉस्टचा, म्हणजे बर्फ वितळवणारा, भाग गेलाय. मला फोन करताना नुसतं “बंद ठेवला की दहा दिवस चालतो” एवढं सांगा, मी येताना हीटर आणि बायमेटल घेऊनच येईन. तुमची एक फेरी वाचेल. २४ तासांनंतरही पंख्याचा आवाज नाही, तर मोटर. पंखा आहे, बर्फ नाही, तरी खाली वारा नाही, तर हवेची झडप म्हणजे डॅम्पर बंद अडकलाय. ती उघडी अडकली तर उलट होतं, खालचं सगळं गोठतं.

सुरी, स्क्रू-ड्रायव्हर, उलथनं, काही म्हणजे काहीही घेऊन बर्फ टोचू नका. विशेषतः सिंगल डोअरवाले. तिथे फ्रीझरचा पत्राच कॉइल असतो, त्यात गॅसची वाट असते. एक भोक आणि फ्रिजचा कारभार संपला. तिथे मधलं डिफ्रॉस्ट बटण दाबा आणि वाट बघा.

भाजीच्या ट्रेखाली पाणी येत असेल तर निचऱ्याचं भोक बुजलंय. सिंगल डोअरमध्ये मागच्या भिंतीला तळाशी ते दिसतं. सुई नसलेल्या सिरिंजने कोमट पाणी सोडा. डबल डोअरमध्ये ते पॅनलच्या मागे असतं, ते राहू द्या.

इथे थांबा

यापुढे घरच्या माणसाने हात घालायचा नाही. मागचं पॅनल उघडणं, हीटर, कार्ड, कॉम्प्रेसर, गॅस, हे सगळं तंत्रज्ञाचं. आणि पुढच्या गोष्टी दिसल्या तर वरच्या तपासण्याही करत बसू नका.

दाराला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर त्या प्लगला हात न लावता मेन स्विच बंद करा आणि आधी इलेक्ट्रिशियनला अर्थिंग बघायला सांगा. जळका वास आला किंवा प्लग काळा पडला, तरी तसंच.

बर्फ टोचताना “फुस्स” झालं तर सावध व्हा. नव्या घरगुती फ्रिजमध्ये बऱ्याचदा आर ६०० ए हा गॅस असतो. तो म्हणजे आयसोब्युटेन, पेट घेणारा. स्वयंपाकाच्या गॅससारखा वास त्याला घातलेला नसतो. प्रमाण थोडंच असतं, पण बंद स्वयंपाकघरात तेवढंही नको. शेगडी पेटवू नका, स्विच आणि प्लगला हात लावू नका, दारं-खिडक्या उघडा, बाहेर थांबा. कुठला गॅस आहे ते फ्रिजच्या मागच्या किंवा आतल्या पट्टीवर छापलेलं असतं.

पुरात बुडालेला फ्रिज वाळवून चालू करून बघू नका. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर इथे गल्लीगल्लीत फ्रिज उन्हात उभे होते आणि लोक प्लग हातात घेऊन विचारत होते, “लावू का?” नाही. भिंतींतल्या पफमध्ये, म्हणजे थंडी धरून ठेवणाऱ्या फोममध्ये, पाणी शिरलेलं असतं, वायरिंगच्या सांध्यांत चिखल असतो. तंत्रज्ञाने बघितल्याशिवाय नाही, आणि पुष्कळदा बघितल्यावरही नाहीच.

मेकॅनिकने पाच मिनिटांत “गॅस गेला” म्हटलं तर त्याला शांतपणे विचारा, दादा, कशावरून? गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. नळ्या बंद असतात, तो गेला तर कुठूनतरी गळलाय. गॅस कमी असेल तर फ्रीझर उणे १८ ला जात नाही, आणि पॅनल उघडल्यावर कॉइलच्या एकाच टोकाला बर्फ दिसतो. ते दाखव म्हणा. गळती शोधणं, फिल्टर बदलणं, व्हॅक्यूम करणं आणि पट्टीवर लिहिलेल्या ग्रॅमप्रमाणे काट्यावर तोलून गॅस भरणं, हे सगळं आलं पाहिजे. नुसता अंदाजाने भरलेला गॅस चार महिन्यांनी पुन्हा जातो.

वीज गेल्यावर काय, हे प्रत्येक वादळानंतर विचारतात. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडकडे कित्येक दिवस वीज नव्हती. दार बंद ठेवलं तर खालचा भाग साधारण चार तास धरतो. भरलेला फ्रीझर ४८ तास, अर्धा भरलेला २४. आपल्या उकाड्यात याहून कमीच धरा. फ्रीझरमधल्या माशांमध्ये अजून बर्फाचे कण असतील तर ते पुन्हा गोठवले तरी चालतील, चव जरा जाईल. वादळाचा इशारा आला की पाण्याच्या बाटल्या पाऊण भरून फ्रीझरमध्ये टाका आणि मोकळी जागा भरून काढा.

दुरुस्ती झाल्यावर मेकॅनिक “झालं” म्हणाला की लगेच सगळं सामान आत भरू नका. पेला पाण्याचा, त्यात थर्मामीटर, रात्रभर दार बंद. सकाळी आकडा ५ च्या खाली असेल तर दूध आत. नसेल तर त्याच सकाळी त्याला फोन करा, महिन्याने नाही.